कौसाबाईच्या रक्तात नसलेलं औषध

१

कौसाबाईच्या रक्तात औषध नव्हतं. कमी होतं असंही नाही. नव्हतंच!

डॉक्टर अमृत पाटलांनी ही गोष्ट वत्सलाबाईंना सांगितली, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उपासाच्या दिवशी चुकून घास गिळलेल्या माणसासारखा झाला होता. वत्सलाबाई निवृत्त औषध निरीक्षक. नोकरीत असताना त्यांनी अर्ध्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मेडिकलवाल्यांची झोप उडवली होती. आता गुडघे दुखायचे, पण जीभ आणि डोकं शाबूत होतं. डॉक्टरांनी बोलावल्यावर, मिरची वाळवायच्या पथाऱ्यांशेजारच्या आपल्या घरातून रिक्षा करून त्या दवाखान्यात आल्या होत्या आणि आल्या आल्या चहा नको म्हणाल्या होत्या. त्या चहा नको म्हणाल्या की समोरच्यानं सावध व्हावं, अशी जुनी ख्याती होती.

"नीट पहिल्यापासून सांगा. मी डॉक्टर नाही."

डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्या आतड्याला व्रण पडतात, रक्ताची आव सुरू होते, माणूस झिजत जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यावर पुण्याच्या एका कंपनीनं नवं इंजेक्शन काढलं होतं. गोळीसारखं रसायनांतून बनवलेलं नव्हे, जिवंत पेशींकडून तयार करवून घेतलेलं. विरजणासारखं नाजूक, उन्हात राहिलं की बिघडलं. देशातल्या मोजक्या दवाखान्यांत त्याची चाचणी झाली, त्यात नंदुरबारचा हा दवाखाना होता. आता कंपनी दिल्लीत मंजुरी मागत होती, आणि मंजुरीआधी तपासनीस इथे येऊन सगळं उलटंपालटं करून बघणार होते.

"आणि नेमकी कौसाबाई निघाली कोरी," वत्सलाबाई म्हणाल्या.

"सुरुवातीला दवाखान्यात सलाइनमधून औषध दिलं, तेव्हा रक्तात चांगलं सापडलं होतं. बाई उठून बसल्या, जेवायला लागल्या. मग घरी टोचायची इंजेक्शनची पेनं द्यायला लागलो. तेव्हापासून रक्तात काही नाही. शरीरानं औषध झिडकारलंय का, तेही तपासलं. तसंही नाही."

"पेनं कुठायत?"

"हीच तर मेख आहे, मॅडम. सगळी परत आली. सगळी रिकामी. सुई बाहेर येऊन गेलेली. आणि कातडीवर दाबल्याशिवाय ती पेनं सुटतच नाहीत."

वत्सलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. औषध गेलं, पण पोचलं नाही. हे काय गौडबंगाल?

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आता चहा सांगा."

२

परिचारिका दामिनी बोलायला लागली ती थांबेचना. फ्रिजची किल्ली तिच्याच गळ्यात असायची. पेनांचे नंबर तिनं स्वतः जुळवून पाठवले होते. "माझ्यावर संशय असेल तर आत्ताच सांगा, मॅडम! मी राजीनामा देते!"

"राजीनामा नको, पाणी दे," वत्सलाबाई म्हणाल्या. "रक्त कोण काढतं?"

"मीच. कौसाबाई इथेच येतात, सून बरोबर असते. चेतना. फार मायेची सून आहे हो. घरी टोचते तीच, मीच शिकवलंय तिला."

"नळी बदलली असेल?"

दामिनीचे डोळे भरून आले. वत्सलाबाईंनी तो प्रश्न तिथेच सोडला.

दिनेश मात्र वेगळा निघाला. थंड डब्यातून पेनं गावोगाव पोचवण्याचं काम त्याचं. खापर गावचा पोरगा, केस विंचरलेले, उत्तरं त्याहून विंचरलेली.

"मी स्वतः जातो, मॅडम. प्रत्येक वेळी."

"कौसाबाईच्या घरासमोर झाड कसलं आहे रे?"

दिनेशनं विंचरलेल्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "लिंबाचं असेल."

"असेल?"

थोडा वेळ त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मग भडाभडा ओकला. तळोद्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती तो डबा द्यायचा. रिकामी पेनंही जीपनेच यायची. तो स्वतः त्या गावी कधी गेलाच नव्हता!

डॉक्टर लालबुंद झाले. "म्हणजे औषध उन्हात तापलं! संपलं सगळं!"

"थांबा हो," वत्सलाबाई म्हणाल्या. "त्या डब्यात तापमान नोंदवणारी चकती असते ना? तिनं काय सांगितलं?"

चकती सांगत होती की डबा जीपमध्ये बसून गेला तरी थंडच राहिला होता. दिनेश कामचुकार होता, त्याचे कान उपटायलाच हवे होते. पण औषध त्याच्या आळशीपणामुळे बिघडलं नव्हतं. आणि बिघडलेलं औषधसुद्धा रक्तात थोडंफार सापडतंच, असं डॉक्टर कुरकुरत का होईना, म्हणाले.

"कौसाबाईला परत बोलवा," वत्सलाबाई म्हणाल्या. "या खेपेला रक्त माझ्या डोळ्यांसमोर निघालं पाहिजे."

३

कौसाबाई आली. पन्नाशी ओलांडलेली, हसरी, नऊवारीचा पदर खोचलेली. रक्त काढताना तिनं तोंड वळवलं नाही.

"कसं वाटस, कौसाबाई?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मी तं बरी शे, बाई. एकदम बरी शे."

हे म्हणताना तिनं हात वर केला, तशा बांगड्या मनगटावरून घसरून थेट कोपरापर्यंत गेल्या. आणि बसल्या बसल्या ती एकदा उठून गेली, थोड्या वेळानं पुन्हा उठून गेली. वत्सलाबाईंनी पाहिलं आणि मनात ठेवलं.

सून चेतना दाराशी उभी होती. वत्सलाबाई तिच्याकडे वळल्या. "पेन तू टोचतेस ना? की कधी राहून गेलं?"

"नही बाई. एक पन पेन वाया गयं नही. मी मन्हा हातवरी टोचं. कानबाईनी आन!"

कानबाई देवीची शपथ खानदेशात कोणी खोटी खात नाही. वत्सलाबाईंच्या डोक्यात नुसता गुंता झाला. सून खरं बोलत होती, हे त्यांच्या तीस वर्षं खोटारड्यांत वावरलेल्या कानांना कळत होतं.

काही दिवसांनी पुण्याहून निकाल आला. नळी तीच, माणूस तेच, डोळ्यांदेखत काढलेलं रक्त. औषध पुन्हा नाही.

"चेटूकच म्हणायचं आता," दामिनी पुटपुटली.

वत्सलाबाईंनी बोटांवर हिशेब मांडला. पेनं रिकामी, म्हणजे औषध कुणाच्या तरी अंगात गेलं. कौसाबाईच्या अंगात गेलं नाही. म्हणजे...

"डॉक्टर, हे औषध दुसऱ्याच कुणी घेतलं तर काय होतं?"

डॉक्टर अमृत खुर्चीत ताठ बसले. हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता, आणि शिवला तेव्हा त्यांचा रंग उतरला.

"मॅडम, आम्ही चाचणीत घेण्याआधी प्रत्येकाला तपासतो. बऱ्याच जणांना नाकारलंय. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या छातीत क्षयाचे जंतू झोपलेले असतात. खोकला नाही, ताप नाही, त्यांना पत्ताही नसतो. हे औषध शरीराची राखण ढिली करतं. आधी क्षयाच्या गोळ्या सुरू न करता अशा माणसाला ते टोचलं, तर झोपलेला क्षय जागा होतो. सगळ्या अंगात पसरतो."

"आणि?"

"वेळेत कळलं नाही तर माणूस जातो."

त्यांच्या बोलण्यानंतर दिल्लीच्या तपासनिसांची भीती त्या खोलीत कुणालाच उरली नाही. जिल्ह्यात कुठेतरी एक माणूस पेनामागून पेन टोचून घेत होता, आणि तो कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

४

तापीकाठच्या त्या गावी वत्सलाबाई पोचल्या तेव्हा कानबाईचं विसर्जन होऊन गेलं होतं आणि घराघरात रोट चालू होते. खानदेशाबाहेरच्याला हे सांगावं लागतं. श्रावणात कानबाई घरी बसते. सव्वाच्या मापानं गहू मोजायचा, त्याच पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे, आणि ते संपेस्तोवर घरात दुसरं अन्न शिजवायचं नाही. रोट फक्त त्या कुळातल्यांनी खायचे. पाहुणा देव असला तरी त्याला तुकडा मिळत नाही. काही घरी पद्धत थोडी वेगळी असते, पण कौसाबाईच्या भावकीत हे फार कडक.

घरासमोर लिंब नव्हताच. चिंच होती. वत्सलाबाईंनी मनातल्या मनात दिनेशला आणखी एक शिवी घातली.

"येवा बाई, बसा," कौसाबाईचा नवरा मोतीलाल म्हणाला. केळीचा शेतकरी, धिप्पाड, पण आज नजर जमिनीवर. "रोट तुम्हले देता येत नही. राग नका मानज्यात."

"मीबी खानदेशनीच शे, भाऊ," वत्सलाबाई हसल्या.

घरची सगळी एका पंगतीत बसली होती. कौसाबाईही. सगळ्यांच्या ताटात रोट, तेवढंच. वत्सलाबाई ओट्यावर चहा पीत पाहत होत्या. कौसाबाईनं घास मोडला, चघळत राहिली, मुश्किलीनं गिळला. आजारी आतड्याला असलं जड अन्न म्हणजे शिक्षाच. तरी ती खात होती.

मागच्या अंगणात मात्र दुसरी चूल पेटलेली होती. तिच्यावर एक पातेलं. वत्सलाबाई पाय मोकळे करायच्या निमित्तानं तिकडे गेल्या. मुगाची खिचडी, पातळ, बिनमिरचीची. नंदुरबार जिल्ह्यात बिनमिरचीची!

चेतना धावत आली. "ती गडीसाठे शे, बाई."

गडी भिला गोठ्यात फडक्यातली भाकर सोडून बसला होता. सोबत लाल ठेचा, बघूनच डोळ्यांत पाणी यावं असा. "खिचडी?" तो म्हणाला. "मन्ही भाकर मी घरथीन आणस, बाई."

वत्सलाबाई परत ओट्यावर आल्या. "घरात आणखी कोण कोण असतं, मोतीलालभाऊ?"

"आम्ही, तुम्ही देखतस तेवढाच. पोरगी रंजिता सासरले शे, सुरतले, उधन्याले. मजामा शे."

तो हे भलतंच पटकन म्हणाला. पण पटकन बोलणं हा काही गुन्हा नव्हे. खिचडी कौसाबाईसाठी असेल, सुनेला सासूची पथ्याची भानगड बाहेरच्या बाईला सांगायला लाज वाटली असेल. पण मग कौसाबाई रोट का खात होती?

वत्सलाबाई जीपमध्ये बसल्या आणि सगळ्या वाटेत स्वतःशी भांडत आल्या. हाताशी सगळे धागे होते आणि एकही दुसऱ्याला लागत नव्हता. डोकं नुसतं भणभणत होतं.

५

घरी पोचून चप्पल काढतात न काढतात तोच फोन वाजला. नाशिकला दिलेली त्यांची लेक.

"आई, रोट झाले का गं?"

"चालू आहेत. तुला काय त्याचं?"

"वा! मागच्या वर्षी मी आले होते तर मला मेलीला वेगळी खिचडी! तुम्ही सगळे रोट हाणत होता आणि मी अंगणात एकटी. जन्म या घरात झाला, पण लग्न लागलं की रोटाला परकी. काय ते तुमचे..."

वत्सलाबाईंनी काढलेली चप्पल परत पायात घातली.

"आई? आई, अगं काय झालं?"

"काही नाही. तू गुणाची आहेस. ठेव फोन!"

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही ज्यांना नाकारलंत, त्यांत कौसाबाईची लेक होती का? रंजिता?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"होती," डॉक्टर अमृत म्हणाले. "आईसारखाच आजार. मायलेकी एकदमच आल्या होत्या. रंजिताची क्षयाची तपासणी पॉझिटिव्ह आली. मी मोतीलालभाऊंना स्वतः सांगितलं, आधी गोळ्या घ्या, मग बघू. ते परत आलेच नाहीत. मला वाटलं, सासरी गेली."

"नाही गेली," वत्सलाबाई म्हणाल्या. "रुग्णवाहिका काढा. मी येते बरोबर."

६

या खेपेला वत्सलाबाई ओट्यावर बसल्या नाहीत. डॉक्टरांना जीवघेणी घाई झाली होती, तरी त्यांना दारात उभं करून त्या थेट माजघरात कौसाबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कौसाबाई, खिचडी कोणासाठी शिजते?"

"गडी..."

"गडी भाकर आणतो. तुमच्यासाठी म्हणाल, तर तुम्ही या कुळाच्या सून, रोट सोडून दुसरं काही खाणार नाही. आतडं जळलं तरी खाणार नाही, मी पाहिलंय. म्हणजे या घरात असं कुणीतरी आहे, ज्याला रोट चालत नाही आणि तिखटही चालत नाही. घरातली असून कुळाबाहेरची. अशी एकच असते. सासरी दिलेली लेक."

मोतीलाल काही बोलायला गेला. वत्सलाबाईंनी हात वर केला.

"चेतनानं कानबाईची आन घेतली, पेन स्वतःच्या हातानं टोचलं म्हणाली. सासूला टोचलं, असं ती एकदाही म्हणाली नाही. खोटी शपथ घेतली नाही पोरीनं. आणि तुमच्या बांगड्या कोपराला लागल्यात, कौसाबाई. बरी शे, बरी शे म्हणत तुम्ही परत झिजायला लागल्या आहात."

चेतनाला हुंदका फुटला. कौसाबाई मात्र रडली नाही. तिनं पदर सावरला.

"मी तं खाई-पी लिधं, बाई. संसार देखा, नातू देखा. पोरनं काय देखं आजून? तिना सासरना म्हणतस, रक्त जाणारी बाई आम्हले नको, बरी व्हयनी तं धाडा. माले ते औषधवरी बरं वाटनं. मंग मी घरमा म्हणं, मन्हं तिले टोचा. डॉक्टर तिले नही म्हणना, पन आई तं मी शे ना!"

"डॉक्टर नाही का म्हणाले, ते यांनी सांगितलं तुम्हाला?" वत्सलाबाईंनी मोतीलालकडे बोट केलं.

कौसाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यातच कळलं की तिला काही ठाऊक नव्हतं.

मोतीलाल भिंतीला टेकला. "टीबी म्हणनात ते," तो कसाबसा बोलला. "पोरले खोकला नही, काही नही. टीबीनं नाव निंघतं तं सासरनं दार कायमचं बंद व्हतं. मी घरमा सांगं, जागा भरी गयी म्हणे." आणि त्यानं कपाळावर हात मारला. "आते रोज ताप येस तिले."

डॉक्टर तोवर आत गेले होते. मागच्या कोठीतून त्यांचा आवाज आला. "स्ट्रेचर आणा! लवकर!"

रंजिता गोधडीत मुटकुळं करून पडली होती. तापानं ओठ फुटले होते, मानेला गाठी आल्या होत्या. उशाशी खिचडीची वाटी अर्धी तशीच. तिनं डोळे उघडले आणि एवढी माणसं बघून पहिली गोष्ट विचारली ती हीच, "माय कोठे शे?"

७

अगदी वेळेवर सापडली, असं पुढे मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. आणखी एक पेन टोचलं असतं तर हाती काही लागलं नसतं.

तपासनीस ठरल्याप्रमाणे आले. डॉक्टर अमृतांनी काहीही लपवलं नाही. पेनं भलत्याला गेली हे सांगितलं, जीपचं सांगितलं, नाकारलेल्या माणसाच्या घरी कुणी जाऊन समजावलं नाही हेही सांगितलं. कौसाबाईचे आकडे बाद झाले. बाकीच्या रुग्णांचं पुन्हा तपासून खरं निघालं. मंजुरी लांबली, पण दार बंद झालं नाही. आता दिनेश स्वतः गावोगाव जातो आणि कुणाच्या दारात कसलं झाड आहे ते न विचारता सांगतो.

तपासनिसांतल्या एका तरुणाला काही उलगडत नव्हतं. "जी बाई एवढा मोठा नियम मोडते, ती रोटाचा नियम एवढा कडक का पाळते? लेकीला एक तुकडा दिला असता तर खिचडी शिजलीच नसती. कुणालाच कळलं नसतं."

"नसतंच कळलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि पोरगी गेली असती." पुढे त्या काही बोलल्या नाहीत. तीस वर्षं नियम मोडणाऱ्यांना पकडण्यात गेली होती. पाळलेल्या नियमानं कुणी सापडल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पुढच्या श्रावणात कौसाबाईनं त्यांना आग्रहानं बोलावलं. तिच्या बांगड्या मनगटावर आल्या होत्या. तिच्यावर आता रीतसर उपचार चालू होते. रंजिताच्या क्षयाच्या गोळ्या संपत आल्या होत्या, गाल भरले होते. सासरहून निरोप आला होता, पण तिनं अजून जायचं ठरवलं नव्हतं. बापाला तिनं माफ केलं होतं की नाही, ते तिलाच माहीत. मोतीलाल मात्र दर महिन्याला तिला स्वतः दवाखान्यात आणायचा आणि बाकावर सगळ्यांसमोर बसून राहायचा.

घरची पंगत बसली. ताटांत रोट आले. रंजिता उंबऱ्याशी बसून सगळ्यांकडे पाहत होती.

"माय," ती लाडात आली, "एवढी मरता मरता वाचनू. आते तरी रोट देशी का?"

कौसाबाईनं घास हातात धरला. क्षणभर तिचे डोळे भरून आले. वत्सलाबाईंना वाटलं, ही आता देणार.

"नही," कौसाबाई म्हणाली. "तू सासरनी. गप बस. तुन्हासाठे खिचडी करेल शे."

आणि अंगणातल्या दुसऱ्या चुलीवरचं पातेलं उतरवायला ती स्वतः उठली. वत्सलाबाईही तिच्यामागून गेल्या, कारण पाहुणी म्हणून त्यांचं जेवणही तिथेच होतं.